नेरुळच्या सोसायटीतली ऐकायची खोली: मे ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

जागा: सिडकोनं बांधलेल्या जुन्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. २० फूट लांब, १३ फूट रुंद, १० फूट उंच. एजीएम (वार्षिक सभा), सत्यनारायण आणि गणपती सोडले तर कुलूपबंद.

काम: बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा सोसायटीतल्या माणसांनी फोन बाहेर ठेवून एकमेकांचं नीट ऐकून घ्यायचं. व्याख्यान नाही, कार्यक्रम नाही. दुसऱ्या सोसायट्यांना हे करायचं असेल तर मापं, खर्च आणि काय फसलं ते हाताशी असावं म्हणून या नोंदी.

सुरुवातीलाच एक नियम ठरला. कुणालाही ‘लक्ष द्या’ असं सांगायचं नाही. लक्ष कुठे जातंय ते शोधायचं आणि ती वस्तू, तो आवाज किंवा तो उजेड हलवायचा. पुढचं सगळं काम या एका नियमावर झालं.

४ मे, रविवार

आधी आवाज मोजला. मोबाइलवरचं डेसिबलचं अ‍ॅप पुरतं, फक्त सगळी मोजणी एकाच फोनवर करा. दोन फोन शेजारी धरले तर आकड्यांत सहज पाचाचा फरक पडतो. खिडक्या उघड्या आणि पंखे पाचवर: ६३. खिडक्या उघड्या, पंखे बंद: ५७. रस्त्याकडच्या खिडक्या बंद, पंखे दोनवर: ४९.

साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं आणि अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहानं उतरतं. बंद खोलीत भिंतींमुळे थोडं कमी उतरतं, पण त्या भिंतींचाच घुमारा शब्द पुसून टाकतो. म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसलेल्या दोघांचं बोलणं पंख्याच्या आवाजात बुडतं. ज्याचा कान अधू झालाय त्याला तर बोलणं आसपासच्या आवाजापेक्षा पंधराएक डेसिबलनं वर लागतं. हा हिशेब केल्यावर ‘आजोबांचं लक्षच नसतं’ ही तक्रार निम्मी गळून पडते. त्यांचं लक्ष असतं, शब्द पोचत नसतात.

सहा वाजता आकडा अचानक ६८ वर गेला. भिंतीपलीकडे पंपरूम आहे आणि टाकीचा पंप नेमका तेव्हाच लागतो. वॉचमनकाकांशी बोलून वेळ चारची केली. वरची टाकी भरलेली राहिली की कुणाची तक्रार येत नाही. खर्च शून्य, आणि अख्ख्या कामातला सर्वांत मोठा फरक याच एका बदलानं पडला. हॉल निवडताना भिंतीपलीकडे काय आहे ते आधी बघा: पंप, लिफ्टची मशीनरूम, जिमचा ट्रेडमिल, पिठाची गिरणी.

७ मे, बुधवार

हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवली. झणझणाट बराच वेळ राहिला. खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना ऑइलपेंटच्या भिंती. शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर चढतं. चार जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या की प्रत्येक जण आवाज चढवतो आणि पाच मिनिटांत लग्नाच्या हॉलसारखा कलकलाट होतो.

घुमारा किती सेकंद टिकतो याचा हिशेब करायचा असेल तर: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण ध्वनिशोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा शोषतो ते, आणि सगळ्यांची बेरीज). आपला हॉल ७३ घनमीटर आहे. रिकामा असताना उत्तर तीन सेकंदांच्या आसपास येतं. बोलण्यासाठी ते एकाच्या आत हवं.

काय केलं: पूजेच्या सतरंज्या धुऊन अंथरल्या (फुकट). खिडक्यांना जाड सुती पडदे लावले, कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घेतलं म्हणजे चुण्या पडतात. शिलाई धरून ३,८०० रुपये. पंपरूमच्या भिंतीवर लोकांनी दिलेल्या जुन्या गोधड्या लाकडी पट्ट्यांवर ठोकल्या, भिंतीपासून दोन इंच सोडून. मध्ये हवा राहिली की तीच गोधडी जास्त आवाज शोषते. पट्ट्या, खिळे आणि सुताराचा अर्धा दिवस: १,४०० रुपये.

एकानं अंड्यांचे ट्रे चिकटवायचं सुचवलं होतं. ते करू नका. त्यांचा उपयोग नगण्य आणि पेट घेतात पटकन.

११ मे, रविवार

खुर्च्या. प्रत्येक सोसायटीत त्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या असतात, कारण झाडू मारायला बरं पडतं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर आणि मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी एका रुग्णालयातल्या वृद्धांच्या वॉर्डात हेच पाहिलं होतं. नवं फर्निचर, नवा रंग, आणि माणसं भिंतीला ओळीनं बसून गप्प. त्यांनी खुर्च्या छोट्या चौकोनी टेबलांभोवती आणल्या तेव्हा बोलणं जवळपास दुप्पट झालं. पण आधी काही दिवस लोक खुर्च्या पुन्हा भिंतीलाच नेऊन लावत होते.

इथेही तेच झालं. दुपारी मांडलेल्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत भिंतीला. उपाय म्हणून फरशीवर रंगीत टेपनं खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या आणि झाडणाऱ्या ताईंना तासाचे वेगळे पैसे ठरवून दिले. त्यांचं काम वाढवून वर ‘मांडणी मोडू नका’ म्हणणं बरोबर नव्हतं.

१४ मे, बुधवार

कोन आणि अंतर. अगदी समोरासमोर बसवलं की मुलाखत दिल्यासारखं वाटतं. सारखं डोळ्यांत बघावं लागतं आणि लोक मान खाली घालतात. शेजारी शेजारी बसवलं की चेहरा दिसत नाही. सर्वांत चांगला जमला तो काटकोन: टेबलाच्या कोपऱ्याला एक इकडून, एक तिकडून. बघावंसं वाटलं तर बघता येतं, नजर वळवली तरी उद्धटपणा वाटत नाही. गुडघ्यांमध्ये अडीच फूट. एकमेकांना फारसं न ओळखणाऱ्यांत किंवा सासू-सून शेजारच्या खुर्च्यांवर असतील तर तीन. चार फुटांच्या पुढे गेलात की बोलणं कामकाजाच्या सुरात येतं.

उंची सारखी हवी. एक खुर्चीवर, एक सतरंजीवर असं नको, खालच्याची मान दुखते आणि तो लवकर उठतो. ज्येष्ठांसाठी हात असलेली खुर्ची, बैठक १७-१८ इंच. बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठता येणार नाही या धास्तीनं काही आज्या उभ्यानंच बोलत होत्या. आणि उभ्या माणसाशी बोलताना समोरचा हे बोलणं लवकर संपणार असंच धरून चालतो.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बुश लावले, ६ रुपयांना एक. टाइल्सवर खुर्ची सरकली की होणाऱ्या कर्रर्र आवाजाला अख्खा हॉल मान वळवतो.

१८ मे, रविवार

उजेड. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. साडेपाचला ऊन थेट आत येतं आणि खिडकीला पाठ करून बसलेल्याचा चेहरा काळा पडतो.

हे लक्षात आणून दिलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. समोरची मुलगी चांगलं खणखणीत बोलत होती, आणि आजी मान तिरकी करून डोळे बारीक करत होत्या. ती अजून मोठ्यानं बोलली. आजी म्हणाल्या, “अगं ओरडू नकोस, तुझं तोंड दिसत नाहीये मला.” दोघींच्या जागा बदलल्या, मुलीच्या चेहऱ्यावर उजेड आला, आणि त्याच आवाजात आजींना सगळं कळू लागलं.

वयानुसार कान अधू होतो तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात: स, श, च, फ, त. ओरडल्यानं वाढतात ते स्वर, आणि स्वर आधीच ऐकू येत असतात. म्हणून ‘सात’ म्हटलं तरी ‘हात’ ऐकू येतं, आणि मोठ्यानं ‘सात’ म्हटलं तर मोठ्यानं ‘हात’ ऐकू येतं. राहिलेलं काम डोळे करतात, ओठ बघून. तेव्हा: ओठ दिसले पाहिजेत, बोलताना तोंडावर हात नको, वेग थोडा कमी, आणि कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलायचे. ‘सात वाजता’ नाही कळलं तर ‘दिवेलागणीला’.

मांडणी बदलली: खिडकी दोघांच्याही बाजूला येईल अशी. छताच्या मधोमध असलेल्या एकाच ट्यूबनं भुवयांची सावली डोळ्यांवर पडत होती. ती काढून दोन्ही लांब भिंतींवर सात फुटांवर एलईडी बॅटन (पट्टीसारखे लांब दिवे) लावले, दोन नग, वायरिंग धरून १,५०० रुपये. जुन्या ट्यूबच्या चोकची गुणगुणही गेली.

कानाचं यंत्र लावणाऱ्यांना पंख्याच्या झोतात बसवू नका. वारा यंत्राच्या माइकवर आदळतो आणि त्यांना फक्त घोंगावणं ऐकू येतं. हॉलच्या कपाटात १३ आणि ३१२ नंबरच्या सेलची एकेक पट्टी ठेवली आहे (१३ ची चकती नारिंगी, ३१२ ची तपकिरी). चकती काढल्यावर मिनिटभर सेल हवेत राहू द्यायचा, मग यंत्रात घालायचा. हे सेल हवेवर चालतात. घाई केली की नवा सेलही मेल्यासारखा वाटतो.

२१ मे, बुधवार

फोनची पेटी. बारा एमएमचा प्लाय, चोवीस खण, प्रत्येक खण चार इंच रुंद, साडेसात उंच, चार खोल. बाहेरून साडेसत्तावीस बाय साडेबत्तीस इंच. पुढून उघडी. आधी दार आणि कुलूप ठरलं होतं, पण आपला फोन दिसेनासा झाला की माणूस अस्वस्थ होतो, म्हणून दार काढलं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर देतात तसे नंबरी टोकन. सुतार आणि माल मिळून २,६०० रुपये.

तीन गोष्टी फसल्या.

पहिली, थरथर. सायलेंटवर टाकलेला फोन प्लायच्या खणात थरथरला की पेटी तबल्यासारखी वाजते. प्रत्येक खणात जुन्या ब्लँकेटचा तुकडा फेव्हिकॉलनं चिकटवला. सायलेंट पुरत नाही, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला लागतं. आणि त्यातही अलार्म वाजतोच, तेव्हा औषधाचे अलार्म असलेल्यांची वेळ आधी विचारून घ्यायची.

दुसरी, जागा. पेटी हॉलच्या दाराशी होती. लोक बोलता बोलता तिकडे बघत होते. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांनी नुसता टेबलापाशी ठेवलेला, कुणाचाच नसलेला फोनसुद्धा अनोळखी जोडीतला विश्वास आणि जवळीक कमी करतो, तेही विषय मनाजवळचा असेल तेव्हा जास्त, असं मांडलं होतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसाच निकाल आलेला नाही. आपल्यापुरतं पाहायचं तर पेटी शेजारच्या सोसायटी ऑफिसात नेली आणि मान वळवणं थांबलं. त्यासाठी लागलेला खर्च म्हणजे चार स्क्रू.

तिसरी आणि सर्वांत खरी अडचण: ‘घरून फोन आला तर?’ ज्यांची आई आजारी आहे, ज्यांचा मुलगा ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याहून यायचाय, त्यांना ही भीती फुकाची नाही. तिला हसण्यावारी नेलं तर माणूस खोलीत बसतो आणि मन पेटीत राहतं. तासाभरासाठी ऑफिसात एक जण बसतो. ऑफिसचा नंबर घरच्यांना दिलेला असतो. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर ‘पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी’ हे चालू करून दिलं: अँड्रॉइडवर त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला तर फोन वाजतो, आयफोनवर तीन मिनिटांत. घरच्यांना एवढंच सांगायचं, अडचण असेल तर लागोपाठ दोनदा लाव.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. नेहमीची तारीख ११ जून. त्या हिशेबानं मागच्या बाजूची पत्र्याची शेड जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकायची ठरलं होतं, ती राहिली. पावसाचा पत्र्यावरचा मारा हॉलमध्ये ७२ भरला. कितीही जवळ बसा, बोलणं होत नाही. तात्पुरतं म्हणून शेडवर जुनी पोती आणि वर ताडपत्री दोरीनं बांधली: ६१. मुसळधार असेल त्या दिवशी तास नाही, हे फळ्यावर लिहिलं. ताटकळलेल्या, कान देऊन दमलेल्या माणसाला बसवून ठेवण्यापेक्षा हे बरं.

१ जून, रविवार

पद्धत ठरवून घेतलेला पहिला तास. खुर्च्या, उजेड, आवाज सगळं जागेवर होतं, आणि लोक तरीही ऐकत नव्हते. आता अडथळा माणसांच्या सवयीत होता.

पद्धत: जोडी. तीन मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ एवढंच. मग ऐकणाऱ्यानं दोन वाक्यांत सांगायचं की त्याला काय कळलं, आणि बोलणाऱ्यानं ‘असंच’ किंवा ‘असं नाही’ म्हणायचं. मग अदलाबदल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सक्रिय ऐकण्याचा हा सोपा घरगुती अवतार.

मोबाइलचा टायमर अर्थातच बाद. किचन टायमरच्या टिकटिकीकडे लक्ष जातं आणि घंटेला माणूस दचकतो. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ (१५० रुपये) चाललं, पण बोलणाऱ्याच्या बाजूला ठेवायचं. ऐकणाऱ्याला वाळू दिसली की तो वाळूच बघतो.

चहा सुरुवातीला दिला तर पहिली दहा मिनिटं कप-बशीत जातात, मध्ये दिला तर धागा तुटतो. शेवटी द्या. बिस्किटं आधीच ताटलीत काढून ठेवा, पुडा फाडल्याचा आवाज हॉलभर जातो.

४ जून, बुधवार

बहुतेक जोड्यांत पहिल्या अर्ध्या मिनिटातच तोडणं झालं. डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत: अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अभ्यासात रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत थांबवलं जात होतं. आपल्याकडे तोडणारं वाक्य जवळपास ठरलेलं: “अहो, तुम्ही असं करा ना...” किंवा “आमच्याकडेही अगदी हेच.” दोन्हींमागे आपुलकीच असते, म्हणून ‘तोडू नका’ म्हटलं की लोक दुखावतात.

उपाय: सल्ल्याला बंदी नाही, सल्ल्याआधी तीन प्रश्न विचारायचे. गुडघेदुखीचं बोलणं चाललं असेल तर तेल सुचवण्याआधी ‘कधीपासून?’, ‘कुठे अडतं सगळ्यात जास्त?’, ‘घरी कोणाला सांगितलंय?’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत बऱ्याचदा कळतं की बोलणं गुडघ्याबद्दल नव्हतंच. जिने उतरता येत नाहीत म्हणून खाली येणं बंद झालं, ते सलत होतं. तेलाचा सल्ला तिथे पोचलाच नसता.

११ जून, बुधवार

थांबण्याबद्दल. २००९ मध्ये दहा भाषांच्या अभ्यासात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. एवढ्या वेळात उत्तर सुचत नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो. म्हणून ऐकणाऱ्यांना एकच शारीरिक काम दिलं: समोरचा थांबला की एक श्वास पूर्ण घ्यायचा, पूर्ण सोडायचा, मग बोलायचं. साधारण तीन सेकंद होतात. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हेच मोजलं होतं: शिक्षक एका सेकंदाऐवजी तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली.

पहिल्यांदा हे फार अवघड वाटतं, तीन सेकंद खूप मोठे भासतात. काही जण श्वास घेताना दिसेल असा घेऊ लागले, त्यानं समोरचा बुजतो. नाकानं, हळू. बोलणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं की गप्प बसलेला माणूस कंटाळलेला नाही. हे सांगायचं राहिलं तर ज्येष्ठ मंडळी ‘बरं, चला’ म्हणून उठतात.

१५ जून, रविवार

चौघांपेक्षा मोठा गट धरू नका. पाचवा आला की दोन संभाषणं सुरू होतात आणि मधला माणूस दोन्हीकडे अर्धा अर्धा राहतो. पाच जण जमले तर दोन आणि तीन असे बसवायचे.

लहान मुलं: खुर्ची नको, मोठ्यांनीच सतरंजीवर बसायचं. हातात काहीतरी काम द्यायचं, मटार नसतील तर शेंगा सोलणं चालतं. हात गुंतले की मुलं जास्त बोलतात. कॉलेजच्या मुलांनाही समोरासमोरपेक्षा हेच जमलं.

२९ जून, रविवार

घरची मांडणी. हॉलमध्ये तासभर जमतं आणि घरी जेवताना पुन्हा तेच, अशी तक्रार बऱ्याच जणांची. काही घरांत जाऊन बघितलं तर चार्जरचा पॉइंट जेवणाच्या टेबलाशेजारीच होता. फोन जेवणात येतो कारण त्याची जागा तिथे आहे. चार्जर पॅसेजमध्ये, चप्पलच्या कपाटावर हलवले. एक्स्टेंशन बोर्ड २५० रुपये. टीव्ही जेवणाऱ्यांच्या समोर असेल तर बंद केला तरी काळ्या पडद्याकडे तोंड राहतं. ताटं अशी मांडायची की टीव्हीकडे पाठ होईल.

ऐरोली-महापेहून कामावरून आलेल्या माणसाला दारातच ‘आज काय झालं’ विचारू नका. हातपाय धुऊन चहा होऊ द्या. आणि आलेल्या माणसानंही हातातला कॉल जिन्यातच संपवून मग बेल वाजवावी. कानाला फोन लावून घरात शिरलं की दार उघडणाऱ्याला खुणेनं बाजूला व्हायला लागतं. रोज.

१३ जुलै, रविवार

(गेल्या रविवारी आषाढी, हॉल भजनाला दिला होता.)

खाली न येऊ शकणाऱ्यांकडे घरी जाऊन बसणं सुरू केलं. यात एक गोष्ट फार उपयोगी पडली: बसल्या बसल्याच सांगायचं, ‘आजोबा, सहापर्यंत आहे मी.’ वेळ न सांगता गेलं की दोघांचंही लक्ष घड्याळावर. आजोबा ‘निघतोस का’ विचारत राहतात आणि महत्त्वाचं शेवटासाठी ठेवतात, जे मग चपला घालताना, दारात निघतं. वेळ सांगितली की ते आधी निघतं. सहाला उठायचंच. शब्द पाळला नाही तर पुढच्या वेळी तो उपयोगाचा राहत नाही.

टीव्ही म्यूट पुरत नाही, हलतं चित्र नजर ओढतं. त्यांनाच विचारून बंद करायचा.

३ ऑगस्ट, रविवार

गेल्या महिन्याभरातली सर्वांत मोठी पडझड. हॉलमध्ये एका घराबद्दल बोललेलं इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, नाव न घेता, पण कळावं असं. पुढच्या तासाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मांडणीनं सगळं सुटतं असं नाही, हे इथे मान्य करावं लागतं. तरी दोन बदल केले: जोडी नेहमी वेगवेगळ्या विंगमधली, आणि तिसऱ्या माणसाबद्दलचं बोलणं आलं की ऐकणाऱ्यानं ‘आणि तुमचं काय झालं मग?’ असं विचारून बोलणाऱ्याकडे परत आणायचं. ज्या घराबद्दल आलं त्यांच्याकडे दोघं जण जाऊन आले, ग्रुपवर नाही.

आणखी एक ठरवून ठेवा. कुणी फार गंभीर बोललं, जगण्याचा कंटाळा आलाय असं काही, तर तीन मिनिटांचं घड्याळ बाजूला. एकटं सोडायचं नाही, घरातलं विश्वासाचं माणूस विचारून बोलवायचं, आणि टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ हा नंबर तिथेच लावून द्यायचा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या छळाची किंवा आधाराची गोष्ट असेल तर एल्डरलाइन १४५६७. दोन्ही नंबर ऑफिसच्या फोनवर चिकटवले आहेत, कारण स्वतःचा फोन त्या वेळी पेटीत असतो.

१७ ऑगस्ट, रविवार

गोधड्यांना बुरशी. जुलैभर दमट हवा, आणि पंपरूमच्या भिंतीला ओल आहेच. दोन इंचांच्या फटीमुळे मागची बाजू वाचली, खालची किनार काळी पडली. उतरवून, धुऊन, इस्त्रीवाल्याकडून वाळवून घेतल्या. पुन्हा लावताना जमिनीपासून एक फूट वर लावायच्या.

२७ तारखेला गणपती. २३ पासून हॉल मंडळाकडे. या दिवसांत ढोल, आरत्या आणि माणसांची वर्दळ असताना तास घ्यायचा अट्टहास नको. फक्त घरी जाऊन बसणं चालू ठेवायचं, कारण वर अडकलेल्यांना याच दिवसांत खालचा आवाज ऐकत एकटं बसावं लागतं. ज्यांना जमेल त्यांना आरतीला खुर्चीत बसवून खाली आणायचं. चार माणसं आणि हात असलेली खुर्ची लागते, प्लास्टिकची वापरू नका, पाय वाकतो.

पेटी ऑफिसच्या भिंतीवरच राहील. बॅटनची एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) वेगळी आहे, तिच्यावर माळा जोडू नयेत म्हणून डेकोरेशनवाल्याला सांगितलं. फरशीवरच्या टेपच्या खुणा मंडपाच्या धावपळीत उखडणार, तेव्हा आजच प्रत्येक खुणेच्या जागी टाइलच्या सांध्यात ऑइलपेंटचा बारीक ठिपका दिला: पूर्वेच्या भिंतीपासून चार फूट, सात फूट, दहा फूट. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. सातला हॉल धुऊन मिळाला की ठिपके धरून खुर्च्या मांडायच्या.